कुंकू लावलेल्या पेट्या

काचीगुडा, हैदराबाद
१२ जानेवारी १९९५

तीर्थरूप आबा, तुमच्या उमाजीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी धडधाकट आहे. खानावळीत भात पोटभर मिळतो. आईचा गुडघा कसा आहे?

आबा, परवापासून डोकं सुन्न झालंय. मी कारखान्यात मशीनच्या सामानाला लाकडी पेट्या करतो म्हणून लिहिलं होतं ना, त्या बंदरावरनं परत आल्या. एक फुटली होती. आत तोफेचे गोळे!

यादगिरी मुकादम म्हणाले, "काइकू डरते रे?" आता कारखान्याला गोळे बाहेरदेशी विकायची मोकळीक झालीय म्हणे. लढाई नुकतीच थांबलेल्या एका देशाला माल चालला होता. तर आपला दोस्त देश भडकला, आमच्या दुश्मनाला गोळे देता का म्हणून. दिल्लीनं थांबवलं. आता तेच गोळे दुसऱ्या देशाला जाणार. मला पेट्यांवरचं पहिल्या देशाचं नाव रंधा मारून काढायला लावलं.

मी विचारलं, "गोळे पडतील तिथं कोण राहतं?" ते हसले. "वो हमकू क्या मालूम!"

आबा, हातचं काम बाहेर पडताना कुंकवाचं बोट लावायचं, ही तुमची शिकवण. तुम्ही घडवलेल्या पाळण्याला लावता, तसं मी प्रत्येक पेटीला लावलं होतं. रंध्याखाली नावासंगं तेही गेलं. परत लावायला बोट उचललंच नाही.

आईला गोळ्यांचं सांगू नका. कुणाच्या पाळण्याचं काम आलं असेल तर दुसऱ्याला देऊ नका. मी येतो करायला.

तुमचाच लेक,
उमाजी