लांबचे स्फोट

बाबा,

आज वर्गात एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, पण एवढी ऊर्जा येणार कुठून?" हा प्रश्न तुमचा. चंदीगडच्या क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात तुम्ही तो मला विचारला होता, आणि उत्तर कळलं तेव्हा ते ऐकायला तुम्ही नव्हतात.

पंजाबात दहशतवाद पेटला होता त्या वर्षांत बाहेर काही फुटलं, की जवळ की लांब, हे आपण आधी ठरवायचो. शेजारच्या आंटी भिंतीवरून म्हणायच्या, "टायर फटिया होणा, जी," म्हणजे टायर फुटला असेल. आई खिडकी लावून घ्यायची, आणि तुम्ही ठामपणे सांगायचात, "लांब होता." एका संध्याकाळी बाजाराच्या बाजूनं आवाज आला तेव्हा तुम्ही घरी पोचला नव्हतात. आई दारात, मी फाटकाशी. तुम्ही स्कूटर ढकलत आलात, "लांब झाला," म्हणालात आणि हातपाय धुवायला गेलात. आईनं तुमचा स्वेटर झटकला, तर काचेचा चुरा पडला. ती केरसुणी घेऊन आली. मला मात्र तुमचा इतका राग आला की मी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी कर्फ्यू. सेक्टर तीसमधली तुमची प्रयोगशाळा बंद, माझी शाळा बंद, भाजीवाला नाही, म्हणून आई पिठलं ढवळतेय. तुम्ही ओट्याला टेकून कसलंसं मासिक वाचताय. मध्येच मला म्हणता, "ही गंमत बघ. आकाशात कुठेतरी गॅमा किरणांचा भपका उठतो आणि काही सेकंदांत विझतो. उपग्रहांना दिसतो, पण कशाचा ते कुणालाच ठाऊक नाही. आपल्याच दीर्घिकेतले असणार, जवळचे."

"पर बाबा, दूर भी तो हो सकते हैं."

"मराठीत भांड."

"लांबचे असतील."

"अगं, लांबून एवढं लख्ख दिसायचं, तर मूळ स्फोट केवढा हवा? एवढी ऊर्जा येणार कुठून? उगाच तोंडाला येईल ते बोलू नये." मी तरी हट्ट सोडला नाही. "लांबचेच," म्हणत राहिले. शेवटी आईनं माझ्यापुढे ताट सरकवलं.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी उलगडा झाला. ते भपके लांबचेच निघाले, दुसऱ्या दीर्घिकांमधले, कित्येक तर अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे. भपका विझून काही दिवस गेले की त्याच जागी एका प्रचंड ताऱ्याच्या स्फोटाचा, सुपरनोव्हाचा, उजेड वाढताना दिसला. सगळेच तसे नाहीत, पण जरा जास्त वेळ टिकणारे बहुतेक असेच. ताऱ्याचा गाभा कोसळतो, आत कृष्णविवर तयार होतं आणि दोन अरुंद झोत ताऱ्याला भोक पाडून दोन बाजूंना सुटतात. झोत आपल्याकडे रोखलेला असेल तरच आपल्याला भपका दिसतो. म्हणजे तुमचा हिशेब चुकला नव्हता, उजेड चहूकडे सारखा पसरतो एवढंच तुम्ही धरून चालला होतात. कमाल आहे तुमची. दिवसभर आरसे घासून प्रकाश एका बाजूला वळवायचा हेच तर तुमचं काम. वीज गेली की टॉर्चचा आरसा काढून मला दाखवायचात, नुसता बल्ब कसा मिणमिणतो ते. आणि ताऱ्याच्या बाबतीत हे तुम्हाला सुचू नये? मला खरंच जाणून घ्यायचंय, हे ऐकून तुम्ही काय केलं असतंत. हसला असतात, की कागद ओढून झोत किती अरुंद हवा ते काढत बसला असतात? मला वाटतं, आधी कागद.

हे पत्र कुठे पाठवणार, म्हणून कुणाला न सांगितलेलं इथं लिहून टाकते. विद्यार्थ्यांना मी ऐटीत सांगते, की भले भले 'जवळ' म्हणत होते तेव्हा शाळेतली मी 'लांब' म्हणत होते. खरं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कर्फ्यू उठला की तुम्ही पुन्हा स्कूटर काढणार होतात, बाबा, आणि मला जगातले सगळेच स्फोट लांब हवे होते.