टर्कीच्या चोचीचा कोड

प्रिय भाऊराया व्हर्जिल,

पन्नाशीत मी मेडिकल कोडिंग शिकायला लागले, तेव्हा "आधी चष्मा शोध" म्हणून हसलास. तर ऐक! इथे दवाखान्याच्या बिलासाठी प्रत्येक दुखापतीला अक्षर-आकड्यांचा कोड असतो, अगदी टर्कीने चोच मारली तरी. बाईंनी विचारलं, "असं खरंच कुणाला होतं का?" मी म्हटलं, "आमच्या व्हर्जिलला, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, ढुंगणावर!" वर्ग हसून लोळला.

खुराड्याचं दार उघडं टाकलंस म्हणून डॅडींनी वर तुलाच बदडलं होतं. घरी येऊन मी सगळं पुस्तक चाळलं. दार बहिणीने उघडं टाकलं होतं, याला कुठेच कोड नाही.

शुक्रवारी परीक्षा, पास झाले तर दवाखान्यात नोकरी. हे पत्र पुस्तकातच ठेवते. पुस्तक तू काही जन्मात उघडायचा नाहीस.

तुझी अजून न सापडलेली चोर,
अर्लीन