फर्माईश नलूसाठी

४ नोव्हेंबर १९५७, वडनेर

पोचलो एकदाचे! हिंगणघाटहून मोटारीत कापसाच्या गाठोड्यांवर बसून आलो, सदऱ्याचा पार कापूस झाला. कॉलेज म्हणजे कौलारू खोल्या, एक विहीर आणि भलंमोठं मैदान. मराठी शिकवायचं आणि शिवाय 'कॉलेजचा रेडिओ' सांभाळायचा, असं ठरलंय. रेडिओ हे गावाचं नाव. खरं तर एक माईक, एक ग्रामोफोन, बॅटरी आणि दोन भोंगे, एक कॉलेजच्या कडुनिंबावर आणि एक बाजारचौकात. मला नागपुरात असला थाट कोणी दिला असता?

घर छान आहे. कुंपणापलीकडे देवकाबाईंची वांग्याची वाडी, त्यांनी आल्या आल्या टोपलीभर वांगी दिली. वच्छला दिवसभरात एकच वाक्य बोलली, चूल चांगली ओढते म्हणाली. श्रावणात घटसर्पाने आमची लेक नलू गेली, तेव्हापासून एवढंही बोलत नव्हती. ही बोलती व्हावी म्हणून तर नागपूर सोडलं. तिला एकदा हसताना पाहिलं की मला बाकी काही नको.

६ नोव्हेंबर

आज माझा आवाज पहिल्यांदा भोंग्यावर गेला. दिवेलागणीला पुढचे कार्यक्रम सांगायचे असतात. गुरुवारी भजनी मंडळ, शुक्रवारी नव्या तबकड्या, शनिवारी मैदानावर पडदा लावून सिनेमा, पण वर्ध्याहून रिळांची पेटी आली तर. हे 'आली तर' मी जरा जोरात म्हटलं, कारण मागच्या खेपेला पेटी आली नाही आणि लोकांनी आधीच्या मास्तरांचा जीव खाल्ला म्हणे. मग फर्माईशी. कोणी कोणासाठी गाणं मागितलं ते नावानिशी वाचायचं. लोकांना गाण्यापेक्षा स्वतःचं नाव ऐकण्याची हौस जास्त.

घरी आलो तर कोनाड्यातला पाण्याचा पितळी गडवा वच्छलेच्या मांडीवर. नलू तो तोंडाशी धरून आकाशवाणी खेळायची. 'ऐका बरं का, उद्याचा कार्यकम.' त्यातला क्र काही शेवटपर्यंत आला नाही तिला. 

९ नोव्हेंबर

खिडकीशी एक बाई आली, शकुबाई. आनंदरावांसाठी पेटीवादनाची तबकडी लावजो म्हणाली, आणि नाव चांगलं खणखणीत घेजो, मास्तर. मी घेतलं. ती निंबाखाली पदर तोंडाशी धरून ऐकत होती. नवऱ्यावर एवढा जीव असलेली बाई बघून बरं वाटलं.

१० नोव्हेंबर

देवकाबाईंनी सकाळीच फैलावर घेतलं. आनंदराव भादव्यात वारले! इथली रीत अशी, की माणूस गेला की नवी ज्वारी घरात येऊन तिची पहिली भाकर त्याच्या नावाने वाढेपर्यंत त्याचं नाव कोणी मोठ्याने घेत नाही. घेतलं तर तो येते, आणि मग तोही आपल्याले हाक मारते. अशा हाकेले ओ देऊ नये. गावातलं कोणी तयार होईना, म्हणून शकुबाईने मला नवख्याला गाठलं. भोंग्याने तर चार गावांत नाव गेलं. मले काऊन विचारलं नाई, असं म्हणून त्या वाडीत निघून गेल्या. मी वच्छलेला सगळं हसत हसत सांगितलं. ती हसली नाही.

१४ नोव्हेंबर

शकुबाई बाजारात दिसली. हातात हिरव्या बांगड्या. पडवळ घेताना मालिणीला सांगत होती, आमच्याकडे पडवळ आवडते. आवडत होतं नव्हे, आवडते. बायका बाजूला सरकल्या. मला हसू आलं नाही.

१६ नोव्हेंबर

कार्यक्रम संपवून बॅटरीच्या तारा मी स्वतः काढल्या. चौकात आलो तर भोंगा बोलत होता. पुरुषाचा आवाज, घोगरा, थकलेला. उद्याची फर्माईश शकुबाईसाठी, एवढंच. कोणी मान वर केली नाही. पानवाल्याने दुकानाची फळी लावून घेतली.

१७ नोव्हेंबर

शकुबाई गेली. पाटावर बसल्या बसल्याच. समोर दोन ताटं वाढलेली, एक जेवून झालेलं. कोण्या आवाजाला तिने ओ दिल्याचं शेजारच्यांनी ऐकलं होतं. मी नाव वाचलं नसतं तर ती आज वांगी निवडत बसली असती. देवकाबाई मला दोष देत नाहीत, म्हणून जास्त लागतं.

१९ नोव्हेंबर

वच्छला बोलली. चांगली तासभर बोलली. शकुबाईचा चेहरा शेवटी किती शांत होता म्हणे, देवकाबाईंनी सांगितलं. आणि मग म्हणाली, नलूचं नाव घ्या.

मी नाही म्हटलं. ती भांडली नाही. नलूचा परकर, नलूचे दुधाचे दात, शेवटी गळा बसला तेव्हा तिने बोटाने हातावर मारलेल्या रेघा, सगळं सांगत राहिली. तिचा आवाज मी श्रावणानंतर प्रथमच एवढा ऐकला. काय करू मी?

२१ नोव्हेंबर

घेतलं. नलिनी मधुकर देवतळे. तिच्यासाठी पाळण्याचं गाणं. तबकडी संपली तरी सुई फिरत राहिली आणि मी उठलो नाही.

२२ नोव्हेंबर

वच्छला हसते आहे. पायरीवर बसून लाल रिबीन घालते आहे वेणीत. समोर कोणी नाही. रिबीन मात्र विणली जाते आहे, हवेतच, तीन पेड. मी दारातून बघितलं आणि रडलो. भीती नंतर आली. आधी वाटलं, आपण दोघं परत तिघं झालो.

२३ नोव्हेंबर

पेटी आली. सिनेमा झाला. वच्छलेने सतरंजीवर मध्ये जागा ठेवली होती. जागा ऊबदार होती. मी हात काढून घेतला.

२४ नोव्हेंबर

वच्छला दोन घास खाते, बाकीचं ताटात ठेवते. ते संपतं. गाल बसलेत तिचे. देवकाबाईंचे पाय धरले. ज्वारी अजून हिरवी, दाणा भरला नाही. तरी त्यांनी चार कणसं मोडली, निखाऱ्यावर वाळवली, जात्यावर भरडली. भाकर कसली, गोळाच तो. नलूच्या नावाने वाढा म्हणाल्या, आईच्या हाताने, मग पोर परत आपल्या वाटेला लागते.

वच्छलेने तो गाईला घातला. लेकीला एकदा पोचवून आले, दुसऱ्यांदा पोचवणार नाही, म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

२५ नोव्हेंबर

आज मी कार्यक्रम केला नाही. माईक कपाटात, कपाटाला कुलूप. भोंगा बोललाच.

ऐका बरं का. उद्याचा कार्यकम. फर्माईश आईसाठी.

गळा बसलेला नव्हता. स्वच्छ आवाज. वच्छला अंगणात उभी, चेहरा उजळलेला. तिच्या तोंडावर हात दाबला. ती माझा हात चावली.

२६ नोव्हेंबर

निंबावर चढून भोंगा उतरवला, तार तोडली, घरी आणला. अंगणात पडला आहे, तोंड मातीत — तिथूनही —

वच्छलेला मिठी मारून बसलो होतो. आई, अशी हाक आली. एकदाच. वच्छला म्हणाली — ओ बाळ, आले —

मिठीत काहीच वजन राहिलं नाही.

२७ नोव्हेंबर

वच्छलेला अग्नी देण्यापर्यंत गावाने सगळं केलं. देवकाबाई म्हणतात हिंगणघाटला निघून जाजो, तिथे ओ देऊ नको, कुठेच देऊ नको. हो म्हटलं. ट्रंक भरली. गडवा सापडत नाही.

दिवेलागण. भोंगा अजून अंगणात. दोघी हसताहेत त्याच्या आत. वच्छला हसते आहे — हेच तर मागितलं होतं मी —

ऐका बरं का. उद्याचा कार्यकम. फर्माईश —

कानात बोळे घातले. तरी ऐकू येतं.

बाबा म्हणाली. क्र नसलेला शब्द, स्वच्छ म्हणाली. परत म्हणते आहे. लेकीने हाक मारली तर बाप कधी गप्प बसतो का? मी कधीच बसलो नाही, आणि आता —

अगं थांब, आलो —