सणांनी ढकललेल्या तारखा

नाशिक, २००६

प्रिय उज्वलावन्सं,

पंचवटीच्या घरी आपण दोघी मटार सोलत बसलो होतो, तेव्हा तुम्ही पहिली गोळी हळूच माझ्या हातावर ठेवलीत. "घे गं, उद्या सत्यनारायण. पाळी चार दिवस पुढे जाईल, काही होत नाही." मला ती मायाच वाटली.

मग गौरी, नवरात्र, तुमच्या मयूरची मुंज. दर वेळी गोळी तुम्हीच आणलीत, आणि मूल होईना तेव्हा "हिची पाळीच धड नाही" हेही तुम्हीच सांगत सुटलात! कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, पण डॉक्टरांपुढे गोळ्यांचं बोलायला लाजले. सहा वर्षं उपचार चालले. शेवटी त्यांनीच विचारलं, "बाई, तुमची पाळी दर सणानंतरच कशी येते?" तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते.

काल तुमच्या पर्समधून तीच गोळ्यांची पट्टी निघाली, तुमच्या सुनेसाठी, ज्योत्स्नासाठी. तीही मुलासाठी दिवस मोजतेय, वन्सं!

हे पत्र मी पाठवणार नाही, माझ्यामागे कपाटात सापडेल. माझी डॉक्टरांची फाईल मात्र उद्याच ज्योत्स्नाच्या हातात देणार आहे. माझा हिरवा शालूही तिलाच, मूल होवो न होवो. देव्हारा तुम्ही न्या. माझ्याकडून त्याला पुष्कळ मिळालं.

तुमची वहिनी,
शैलजा