सुहासिनीबाईंची निनावी स्तुती

द्वारका, नवी दिल्ली

ती. अहिल्याताईस,

हेमलताचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे साष्टांगातली दोन अंगं तूर्त वजा धर). तुझं बीपी, भाऊजींचा खोकला आणि नागपूरची थंडी तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. नवरोबा शशिकांत मजेत आहे. माझं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

संक्रांतीचं हळदीकुंकू सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. प्रमुख पाहुण्या सुहासिनीबाई, आमच्या वीस वर्षांच्या शेजारीण, आणि त्यांची ओळख करून देणार मी. माइक घेतला, 'आपल्या सर्वांच्या लाडक्या' इथवर आले आणि नाव गेलं! साफ गेलं. (पाळी बंद झाल्यापासून हे असंच चाललंय. परवा किसणीला मी 'ते घासायचं' म्हणाले.) वाटलं, बोलत राहिलं तर आठवेल. म्हणून त्यांचा मनमिळाऊ स्वभाव, त्यांच्या हातच्या पुरणपोळ्या, अडीअडचणीला धावून जाणं, सगळं सांगितलं. नाव येईना. त्यात अंगातून वाफा निघायला लागल्या, तशी मी भर जानेवारीत पंखा लावायला सांगून पदराने डोळ्यांवरचा घाम पुसला. मागच्या रांगेला वाटलं, मी रडतेय, म्हणजे कुणीतरी गेलं. त्या बायका माना खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांचं पाहून सगळा हॉल उभा राहिला आणि शेवटी, शाल सावरत, स्वतः सुहासिनीबाईसुद्धा! नंतर मला म्हणाल्या, "किती छान बोललात हो! पण गेलं कोण?"

तिथे हसले. घरी येऊन नळ सोडून रडले.

ऑफिसातली सरला हार्मोनचं औषध घेते. म्हणाली, "ले लो यार, दिमाग एकदम साफ!" म्हणून डॉ. वृंदांकडे गेले आणि डोक्यासाठी तेच मागितलं.

"डोक्यासाठी मी ते देत नाही," त्या म्हणाल्या. "त्याने स्मरणशक्ती वाढते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पासष्टीनंतर सुरू केलेल्या बायकांत तर उलट स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसलाय. वाफांसाठी आणि झोपेसाठी मात्र तपासण्या करून देईन."

"आणि डोक्याचं काय?"

"आधी नीट झोपा तर! या काळात शब्द अडतात बऱ्याच जणींचे. पुष्कळदा आपोआप सावरतं."

तपासण्या झाल्या, वाफांसाठी औषध सुरू झालं. आता झोप लागते. नावं कधी येतात, कधी रुसतात. (सरला श्रेय औषधाला देते, शशिकांत झोपेला.) काल मीटिंगमध्ये शब्द अडला, तेव्हा सरळ म्हटलं, "येतोय, थांबा." साहेब थांबले. शब्द आला.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
हेमा

ता. क. : कुणी दिल्लीला येणार असेल तर मुगवड्या पाठव.

आणखी एक ता. क. : मुगवड्यांचं निमित्त होतं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला स्मृतिभ्रंश होता का? म्हटलं, आईला, पण अगदी शेवटी शेवटी. खरं म्हणजे सुरुवात मला ठाऊकच नाही. तू तिच्यापाशी होतीस, मी इथे. ताई, आई आधी काय विसरायला लागली? अशीच नावं? फोनवर विचारलं तर तू 'छे गं, तसं काही नव्हतं' म्हणशील आणि मी लगेच मानीन. म्हणून पत्र. खरं तेच लिही. वाचताना शशिकांतला शेजारी बसवीन.