लोण्याच्या चवीचे दुकान

मी, खाली सही करणारी बेकरीवाली, पाय सुजलेले पण डोके शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे माझे अखेरचे मृत्युपत्र लिहून ठेवते. आधीचे एखादे सापडले तर भट्टीत घालावे. माझ्या डोक्याविषयी कोणाला शंका असेल तर मी जिवंत असेपर्यंत समोर येऊन बोलावे. माणूस मेल्यावर बोलणारे शूर खूप असतात.

१. दुकान, भट्टी, मिक्सर व वरची खोली माझ्या थोरल्या मुलास मिळावी. हे एवढे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवले आहे. ऐकताना तो नजरेने भिंती मोजत होता.

२. मार्जरीनबद्दल माझे म्हणणे नोंदवते, कारण माझी खरी मिळकत तीच. मार्जरीन म्हणजे तेलापासून केलेले स्वस्त, नकली लोणी; मी जन्मभर त्याचेच केक विकले. साखरेबरोबर फेटले की ते पांढरेशुभ्र, हलके होते. थंडीत लोण्यासारखे दगड होऊन बसत नाही. लोणी परवडत नाही त्याच्या लेकराचाही वाढदिवस असतो! हे मी भर चौकात ओरडून सांगितले आणि दारावरही तेच लिहिले: 'मार्जरीनचा केक'. गरिबाला स्वस्त वस्तू द्यावी, फसवणूक देऊ नये.

३. थोरल्याने ती पाटी उतरवली. नव्या पाटीवर हातभर अक्षरांत 'अस्सल लोण्याच्या', आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'चवीचा केक'. डबे तेच, भट्टी तीच, भाव दुप्पट. मी जाब विचारला.

"आई, खोटं कुठंय? चवीचा असंच लिहिलंय. लोक वाचत नाहीत त्याला मी काय करू?"

"वाचत नाहीत कारण विश्वास ठेवतात रे, गाढवा!"

"मग विश्वासाचेच पैसे घेतोय."

माझी धाकटी मुलगी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना खालची ओळ वाचून दाखवू लागली. त्याने पिठाळ हातांनी तिचा दंड धरून तिला रस्त्यावर काढले आणि मला म्हणाला, "तुझी पढवलेली मैना उडाली बघ." गिऱ्हाइके हसली. त्यांना मी काही ठेवत नाही. लोण्याच्या भावाने मार्जरीन खातात, एवढी शिक्षा पुरे.

४. सुनेला माझा चष्मा. "आमच्या ह्यांना धंदा कळतो," असे ती येताजाता म्हणते. यापुढे नीट बघून म्हणावे.

५. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्यातलं काही मिळत नाही. कायदाच आहे तसा." म्हणून लिहिते: पहिल्या कलमातले देणे कोणत्याही कारणाने रद्द झाले, तर सर्व काही धाकटीचे. थोरल्याचा मग चमच्यावरही हक्क नाही.

"त्याला आधी सांगू का?" वकिलांनी विचारले.

मी म्हटले, "सगळा कागद समोर ठेवा. वाचायला कोणी अडवलंय त्याला?"

ठिकाण: दुकानामागची खोली.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो.
सही: बेकरीवाली.

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. सही.

साक्षीदार दुसरा: थोरला मुलगा. सही. बाजूला त्याच्याच अक्षरात: 'सर्व मजकूर वाचला.'