दादांच्या नोट्स आणि लाल रेघा

८ जुलै
क्लासच्या लॅबमधल्या मशीनवर प्रोग्राम लिहायचा नवा एडिटर टाकला. टाईप करता करताच चूक दाखवायची सोय चालू करण्यात दुपार गेली. त्याला प्रोग्राम तपासून चालवणारा कंपायलरच सापडेना. कंपायलर कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पाथ दिला, तरी ढिम्म. शेवटी फोल्डरच्या नावातली मोकळी जागा काढली. मुद्दाम सेमीकोलन गाळला, लगेच लाल रेघ! एकटीच हसले.

१० जुलै
घोटाळा. बारावीच्या पोरी मो.दीं.च्या (मोठे दीर, क्लासचे मालक) छापील नोट्समधला पहिला प्रोग्राम टाईप करायल्या, तर पहिल्याच ओळीला लाल. पुढं 'व्हॉइड मेन' या ओळीलाही लाल. निळ्या पडद्याच्या जुन्या कंपायलरवर चालायचं ते नव्याला चालत नाही. इथल्या जवळच्या मुरुडची शिफा मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, सरांच्या नोट्सच चूक हायत का?"
मो.दी. दारातच उभे होते.

११ जुलै
जेवताना मो.दी., सगळ्यांदेखत: "तुझ्या माहेरची, नांदेडची हुशारी लातुरात नको. मार्क कोण देतंय? बोर्ड का तुझी लाल रेघ?"
बोर्डाचं खरंय. तेच जास्त झोंबलं. पण या पोरी इंजिनिअरिंगला जाऊन तोंडावर पडतील, तेव्हा हा माणूस तिथं असणारय का? म्हटलं, "दादा, दोन्ही शिकवू. एक परीक्षेला, एक..." पुरं बोलू दिलं नाही. सुनील खाली मान घालून भाकरी मोडत राहिला. नवरा म्हणे.

१५ जुलै
सगळ्या मशीनवरून एडिटर उडवलाय. मी पुन्हा टाकला. संध्याकाळी पुन्हा गायब. वर पासवर्ड बदललेला.

१९ जुलै
लॅब बंद मला. "तू आता चौकशीच्या टेबलावर बस." आलेल्या पालकांना माहितीपत्रकं वाटायची. एम.सी.ए. कशाला केलं मग? सुनीलला विचारलं. म्हणाला, "दादांनी क्लास उभा केलाय, थोडं दमानं घे." दमानंच घेतेय. दात आवळून.

२२ जुलै
शिफा दोन मैत्रिणींना घेऊन क्लासच्या वर, आमच्या मजल्यावर आली. "मॅडम, ती रेघ पायजे आम्हाला. चूक गुपचूप कळती. सर चूक सापडली की उभं करतेत, सगळे हासतेत."
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ओट्याशेजारी माझा लॅपटॉप मांडला. शिफानं कंस उघडा ठेवला, रेघ आली, तिनं बंद केला, पुढं गेली. बस. एवढंच तर हवं होतं.

२६ जुलै
आज पोरी वाढल्या. जिन्यात चपलाच चपला. मो.दी. वर आले.
"कुणाच्या ह्या?"
"शिकायला आल्यात."
"माझ्या घरात माझ्याच पोरी फोडायलीस?"
"घर माझंही आहे, दादा."
पहिल्यांदा उलट बोलले. पोरींनी टाईप करायचं थांबवलं होतं. म्हटलं, "चालू ठेवा."
ते जिना उतरले. थोड्या वेळानं ओट्यावरचा नळ फुरफुरला आणि कोरडा. आमच्या मजल्याचा कॉक खालनं बंद केलेला. लातुरात पाण्यावरून वैर काढायचं, तेही घरातल्या घरात!
सुनीलला म्हटलं, "आज तू बोल त्यांच्याशी. माझ्याकडून का त्यांच्याकडून, ते तूच ठरव."
तो खाली गेला. पोरी घरी गेल्या, दिवेलागण झाली. खालून आवाज येतायत, दोघांचेही चढलेले; सुनीलचा असा पहिल्यांदाच ऐकतेय. तो अजून वर आलेला नाही.